झाडं पितात ते पाणी

१९ जुलै १९९४, मंगळवार

सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळात बघून ठेवली आहे वेळ. उद्या कोणी ‘आजी, तुम्हाला नीट आठवत नसेल’ म्हणायला नको.

नऊ चाळीसला मी ओसरीवर वांग्यांची देठं काढत होते आणि वरून यंत्रकरवतीचा आवाज आला. माझ्या डोंगरातून! चढायला पाऊण तास लागला. सत्तर वर्षांच्या गुडघ्यांकडून याहून जास्त अपेक्षा नको. पोचले तोवर एकतीस देवदार आडवे. दोनदा मोजले. सगळे झऱ्याच्या बरोबर वरच्या अंगाचे, सगळे ह्यांनी स्वतःच्या हाताने लावलेले.

वनसंघाची चार माणसं होती. मुकादम कुवामुरा पुढे आला, शिरस्त्राण काढलं, कमरेत वाकला. वाकायला काय जातं. म्हणाला, आजी, विरळणीचं काम आहे, तीनातलं एक काढतोय, सहीच्या जागी तुमचा शिक्का आहे कागदावर. मी म्हटलं, माझा शिक्का माझ्या कपाटात आहे, आणि करवत बंद कर, नाहीतर पुढच्या झाडाला मी टेकून उभी राहते. बंद केली. सामान गोळा करून गेले.

चाळीस दिवस पाऊस नाही. खाली मैदानात नळाला दिवसातून पाच तास पाणी. आणि हे झऱ्याच्या डोक्यावरची सावली कापतायत! सात घरं आहेत आमच्या वाडीत, सातही या एका झऱ्यावर. झरा गेला की वाडी गेली. मग मला ओसाकाला मुलाच्या, हिदेतोच्या, नवव्या मजल्यावर, त्याच्या बायकोच्या हसऱ्या तोंडासमोर, मरेपर्यंत बसावं लागेल.

नन्सच्या शाळेत सिस्टर मारी-आंज सांगायच्या – राग आला की आधी तारीख लिही, मग वेळ, मग काय घडलं ते. विशेषणं दुसऱ्या दिवशी सकाळी.

२० जुलै, बुधवार

चोर. उद्धट. अडाणी. (सकाळ झाली आहे.)

२३ जुलै, शनिवार

पुरावा हवा. नुसतं ओरडून वनसंघ ऐकत नाही.

दहा लिटरची बादली आणि हिदेतोचं शाळेतलं शर्यतीचं घड्याळ घेऊन झऱ्यावर गेले. टाकीत पडणाऱ्या नळीखाली बादली धरली. पहाटे पाच वाजता भरायला चार मिनिटं दहा सेकंद. रोज मोजणार. झाडं कापल्यामुळे धार कशी बारीक होत जाते ते तारीखवार मांडून त्यांच्या अध्यक्षाच्या टेबलावर ठेवणार.

झाडं गेली की पाणी जातं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं.

२५ जुलै, सोमवार

हे पान कोणी वाचू नये.

हिगाकीसान आले होते. वाडीचे प्रमुख ते. त्र्याहत्तर वर्षांचे, पण खोकतात नव्वदीसारखे. बगलेत फिरती फाइल. फाइल सात घरांतून फिरते – वाचायचं, आपल्या नावाच्या चौकटीत छोटा शिक्का उठवायचा, शेजारच्या दाराला अडकवायची. कचऱ्याचे दिवस, डासांची फवारणी, कोणाचं बारावं. जून महिन्याच्या कागदांत त्यांनी एक पान उघडलं आणि माझ्यापुढे सरकवलं.

‘झऱ्याच्या वरील क्षेत्रात विरळणीस संमती.’ सहावी चौकट माझी. तीत माझा शिक्का, किंचित तिरका. शेजारी जांभळ्या बोटाचा ठसा.

त्या दिवशी मी आंबट उमेची फळं लाल पानांत मुरवायला घालत होते. हात कोपरापर्यंत जांभळे. शेजारच्या फुसाएने दारातून हाक मारली, फाइल आली गं! मी न बघता शिक्का उठवला आणि पुढे दिली.

मी! एकोणतीस वर्षं नगर कार्यालयात शिक्के नोंदवायच्या खिडकीत बसले. ‘न वाचता शिक्का म्हणजे डोळे मिटून विहिरीत उडी’ हे वाक्य मी किती म्हाताऱ्यांच्या तोंडावर फेकलं असेल, गणती नाही. लोक मला खिडकीतली वाघीण म्हणत. मला ते आवडत असे.

हिगाकीसान हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

२७ जुलै, बुधवार

दोन दिवस जेवण गेलं नाही. आज उपाय सापडला.

फाइलीतला छोटा शिक्का म्हणजे ‘पाहिलं’. ‘मान्य आहे’ असं म्हणायला नोंदणी केलेला मोठा शिक्का लागतो आणि त्यासोबत कार्यालयाचा दाखला. वनसंघाने फाइलीतल्या शिक्क्यावर जंगल कापलं, हे नियमाबाहेरच आहे. हे माझ्याइतकं या खोऱ्यात कोणाला ठाऊक नाही.

दोन पानांचं पत्र लिहिलं. जांभळ्या बोटाबद्दल त्यात एक अक्षर नाही.

३१ जुलै, रविवार

सभागृहात वाडीची बैठक. पंखा एक, माणसं अकरा. कुवामुरा आला होता. चाळिशीचा असेल. हाताची दोन बोटं अर्धी आहेत आणि ती लपवत नाही.

त्याचं म्हणणं असं: ही झाडं फार दाट लागली आहेत. लावली तेव्हा ठीकच होतं, दाट लावायची, मग दर दहा वर्षांनी काढत जायची. काढली कोणीच नाहीत. पाऊस पडला तरी निम्मा वरच्या पानांवरच अडतो आणि उडून जातो. उरलेला मुळं पितात. खाली अंधार, गवताची काडी नाही, माती उघडी.

“एका ताटावर दहा जण बसलेत, आजी. दहाही उपाशी.”

मी म्हटलं, “मग नऊ जणांना मारायचं का?”

“तीन जणांना उठवायचं.”

लोक हसले. मला राग आला तो त्यांच्या हसण्याचा नव्हे, उत्तर चांगलं होतं याचा.

मग दोन तास तेच. कोण म्हणे जंगल म्हणजे डोंगराचं पोट, पाणी धरून ठेवतं, कापलं की फुटलं. कोण म्हणे कसलं पोट, पंप आहेत ते पंप. फुसाए म्हणाली तिला दोन्ही बाजू पटतात, कारण तिला फक्त नवऱ्याचं अंथरूण धुवायला पाणी हवं आहे. तिचा यासुजी दोन वर्षं पडून आहे. हिगाकीसान सगळ्यांत शेवटी बोलले. त्यांच्या तरुणपणी झऱ्याची धार मनगटाएवढी होती. डोंगर तेव्हा बोडका होता – लढाईत सगळं लाकूड गेलं होतं.

“आणि त्याच बोडक्या डोंगराने...” एवढं म्हणून थांबले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजरा वळवल्या.

माझ्या लग्नाचं पहिलं वर्ष, १९४६. वादळाच्या तिसऱ्या दिवशी डोंगर खाली आला. आवाज गडगडाटाचा नव्हता, कोणीतरी खूप मोठं धान्याचं पोतं ओतावं तसा. सासूबाई परसात होत्या. चौथ्या दिवशी सापडल्या, हातात कोबी. त्यानंतर नऊ वर्षं ह्यांनी झाडं लावली. पाठीवर रोपं, कमरेला कुदळ. एकही कधी कापलं नाही. वनसंघाची माणसं विरळणीचं सांगायला आली की हे म्हणत, तुमच्या आईवर पडला होता का डोंगर?

मी उभी राहिले आणि एवढंच म्हटलं: नियम आहे तो पाळा.

३ ऑगस्ट, बुधवार

वनसंघाचं उत्तर आलं. अध्यक्षांच्या सहीचं. ‘कार्यपद्धतीतील त्रुटीबद्दल दिलगीर आहोत. काम तातडीने थांबवण्यात आले असून प्रकरण बंद करण्यात आले आहे.’

जिंकले. पत्र ह्यांच्या फोटोपुढे ठेवलं.

बादली: पाच मिनिटं पाच सेकंद.

६ ऑगस्ट, शनिवार

आजपासून उदबत्तीचं पाणी. खाली मैदानातल्या भातखाचरांत पूर्वी अशीच वाटणी असे, आमच्या वाडीत पहिल्यांदाच. टाकीचा नळ एका घराला सुटला की हिगाकीसान उदबत्ती लावतात. अर्धी जळाली की नळ बंद, पुढचं घर.

पहिल्याच दिवशी भांडण. हिगाकीसानांच्या बायकोने स्वतःच्या पाळीला देवळातली जाड उदबत्ती आणली. फुसाए म्हणाली, “वहिनी, त्यापेक्षा ओंडकाच पेटवा की.” सगळे हसले, वहिनीसुद्धा. पण हसताना प्रत्येकाची नजर उदबत्तीवर होती. राख पडली की सगळे एक पाऊल पुढे.

भात धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं वांग्यांना. अंघोळ तीन दिवसांतून एकदा, फुसाएच्या टबात, तिघी एका पाण्यात. माझी पाळी शेवटची. नन्सनी शिकवलेलं सगळं शील त्या पाण्यात विरघळलं.

९ ऑगस्ट, मंगळवार

आज पहाटे उठवलं नाही, म्हणून मोजायला दुपारी तीनला गेले. सहा मिनिटं पंचावन्न सेकंद! काल पहाटे पाच मिनिटं चाळीस होती. एका दिवसात इतकी घट? झरा मरतोय असं वाटून टाकीच्या कडेवर बसून राहिले. कुवामुराला शिव्या घालत उतरले.

१० ऑगस्ट, बुधवार

पहाटे पाच: पाच मिनिटं पन्नास.

परत वाढलं? पाऊस नाही, ढग नाही, काही नाही.

दुपारी तीन: सात मिनिटं दोन.

१२ ऑगस्ट, शुक्रवार

तीन दिवस दोन्ही वेळा मोजलं. दर पहाटे धार सावरलेली. दर दुपारी खंगलेली. दिवसभरात पाण्याला कोणीतरी आत, जमिनीखाली, माझ्या नळीपर्यंत येण्याआधीच गाठतं. रात्री सोडतं.

कोण, ते मला कळलं आहे. लिहवत नाही.

१४ ऑगस्ट, रविवार

पितरांचे दिवस. सगळ्यांची मुलं गाड्या भरून आली. गाड्यांत पाण्याचे डबे, जणू आम्ही वाळवंटात राहतो. हिदेतो एकटाच आला. बातम्यांत दाखवलं म्हणे, मोठं धरण पार आटलं, बुडालेल्या गावाचं जुनं कार्यालय तळातून वर आलं आहे. आई, तुझी खोली तयार आहे, म्हणाला. मी म्हटलं, मला अजून कोणी बुडवलेलं नाही.

थडग्यांवर यंदा पाणी ओतायचं नाही, असं ठरलं. ओल्या फडक्याने पुसायचं फक्त. मी चहाचा अर्धा पेला लपवून नेला आणि ह्यांच्या दगडावर ओतला. दगड इतका तापला होता की ओल वाहून खाली पोचलीच नाही. वरच्या वर उडून गेली.

तिथे उभी राहून मी ह्यांना विचारलं. मोठ्याने नाही. तुमची झाडं माणसांचं पाणी पितात का हो?

१८ ऑगस्ट, गुरुवार

आज दिवसभर आभाळ भरलेलं. थेंब नाही. नुसते ढग, सावली, गुदमर.

पहाटे पाच: आठ मिनिटं वीस. दुपारी तीन: आठ मिनिटं पंचवीस.

ऊन नाही, तर झाडं प्यायली नाहीत. आता कोणाला काय विचारायचं उरलं?

पुरावा गोळा करायला निघाले होते. मिळाला. वही कपाटात, शिक्क्यांच्या डब्याखाली ठेवली आहे. रात्रभर वरच्या डोंगराकडे पाठ करून झोपायचा प्रयत्न केला. तीन हजार झाडं माझ्या पाठीमागे उभी आहेत असं वाटत राहिलं. उजाडायची वाट बघत.

२२ ऑगस्ट, सोमवार

सकाळी अकरा मिनिटं. यासुजीच्या पाठीला जखमा झाल्या. फुसाए त्याला दोन दिवसांनी एकदा पुसते. नर्सताई आली ती रागावून गेली – अशाने जंतू रक्तात जातील, दवाखान्यात हलवा. फुसाए मला म्हणाली, “एकदा हलवला की परत येणार नाही गं तो. पाणी असतं तर इथेच नेला असता शेवटपर्यंत.” रडली नाही. हातरुमालाने कपाळ टिपलं, तेही चार वेळा घडी घालून.

घरी येऊन वनसंघाला फोन केला. नाव सांगितल्यावर पलीकडे फोन या हातातून त्या हातात गेला. मग एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, तुमचं प्रकरण बंद झालंय, पुन्हा उघडायला नव्याने अर्ज, सातही घरांची नोंदणीकृत संमती, मग पाहणी. कामगार पलीकडच्या खोऱ्यात गेलेत, नोव्हेंबरपर्यंत येणार नाहीत.

“तुम्हीच लिहिलं होतं ना, आजी, कार्यपद्धती पाळा म्हणून?”

फोन ठेवून दिला. एकोणतीस वर्षं खिडकीच्या आतून मी हेच बोलत आले, याच आवाजात. बाहेर उभं राहिल्यावर कसं ऐकू येतं ते आज कळलं.

२४ ऑगस्ट, बुधवार

करवत मला पेलणार नाही. पण साल सोलता येते. लग्नानंतर सासऱ्यांना एकदा तसं करताना बघितलं होतं. बांधावरचं नको असलेलं झाड त्यांनी कापलं नाही. बुंध्याभोवती हातभर रुंद साल सोलून काढली. झाड उभ्याउभ्या वाळलं.

पहाटे पाच ते सात. ह्यांचा कोयता, वर बांधलेले मोजे, गळ्यात टॉवेल. वर चढण्याची ताकद नव्हती, म्हणून पायवाटेला लागून असलेल्या झाडांपासून सुरुवात केली. कोयत्याने वर एक चीर, खाली एक चीर, मधे उभी. मग टोक घालून ओढलं.

साल एकाच ओढीत सुटली, ओल्या कपड्यासारखी. आत झाड पांढरं, गुळगुळीत, आणि ओलं! नुसतं ओलसर नव्हे. हात ठेवला तर तळवा घसरला. मनगटापर्यंत ओघळ आला. गार. वाडीत कुठे एवढं गार पाणी राहिलेलं नाही. मी तळवा चाटला. राळेची चव, कडवट, थोडी गोड.

म्हणजे हे इथे आहे सगळं. आम्ही उदबत्त्या जाळतोय, फुसाए नवऱ्याची पाठ पुसायला वाटी राखून ठेवते, आणि इथे प्रत्येक सालीखाली ओल वाहते आहे.

मग थांबले नाही. सात झाडं केली. प्रत्येकाला आधी सॉरी म्हटलं – इंग्रजीत, कारण ह्यांना इंग्रजी येत नसे.

२६ ऑगस्ट, शुक्रवार

आठ. बोटं मिटत नाहीत, पेन मुठीत धरून लिहिते आहे.

भीती वाटते. कोणी बघेल याची नाही. सोलताना मला बरं वाटतं याची.

२९ ऑगस्ट, सोमवार

आजची धरून सहा दिवसांत त्रेचाळीस. खालच्या दोन्ही ओळी संपल्या. वरची मला चढवत नाहीत. हात धुतले नाहीत, राळ आपोआप निघेल.

३१ ऑगस्ट, बुधवार

दोन दिवस आभाळ झाकलेलं. आज पहाटे नऊ मिनिटं पंधरा! अकरावरून नऊ.

फुसाए घमेलं घेऊन धावत आली. धावत, छप्पन्नाव्या वर्षी धावावं तशी, आणि ती शहात्तरची आहे. “किनुए, धार जाड झाली गं. मी यासुजीला आज अख्खा धुतला. मान, कान, सगळं. ‘लग्नात होतो तसा दिसतोय का’ म्हणाला मेला.”

तिने पायवाटेवरची पांढरी झाडं बघितली होती. विचारलं नाही. माझे दोन्ही हात हातात घेतले, राळेने चिकटलेले, आणि कपाळाला लावले.

लढाई संपल्यापासून मी इतकी सुखी झाले नव्हते. लिहून ठेवते, कारण हे टिकणार नाही असं आतून वाटतंय.

१ सप्टेंबर, गुरुवार

दुपारी एक वाजता कुवामुरा आला. हिगाकीसानांनी बोलावलं होतं. दोघं वर गेले, मी मागून. पायवाटेशी पोचल्यावर तो थांबला. एकेका झाडावर अर्ध्या बोटांचा हात फिरवत ओळीच्या टोकापर्यंत गेला, परत आला. मी वाट बघत होते, आता म्हणेल, आजी, कमाल केलीत.

खाली बसला. शिरस्त्राण काढून गुडघ्यावर ठेवलं. मग हळू सांगितलं.

सोललेलं झाड लगेच प्यायचं थांबत नाही. वाळायला वर्ष लागतं, कधी दोन. परवा पाणी वाढलं ते माझ्या सोलण्याने नव्हे. ढगांनी असेल, जुलैत कापलेल्या एकतिसांमुळे थोडं असेल. “खरं सांगू? मलाही नक्की ठाऊक नाही. बैठकीत ठासून बोललो, कारण तिथे तसं बोलावं लागतं.”

आणि या दोन ओळी त्यांच्या आराखड्यात राखायच्या होत्या. उताराचा पायथा. वरची माती जी काही थांबली आहे ती या मुळांवर. वरची विरळ केली तर खाली गवत येतं, झुडपं येतात, माती धरते. पायथ्याची एकदम मारली तर मुळं पाच-सहा वर्षांत कुजतात आणि मग एक चांगलं वादळ पुरतं.

मी विचारलं, खाली कोणाचं घर येतं? मला ठाऊक होतं. तरी विचारलं.

हिगाकीसान म्हणाले, “फुसाएचं.” खोकले नाहीत.

कुवामुराला म्हटलं, साल परत बांधता येते का? सुतळीने, चिखल लावून, कशाने तरी. त्याने माझ्याकडे बघितलं. हसला असता तर मी त्याला कोयता फेकून मारला असता. हसला नाही. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पूर्ण गोल सोललीत का, म्हणाला. कुठे बोटभर पट्टी राहिली असेल तर ते झाड जगू शकतं.

संध्याकाळी एकटी जाऊन प्रत्येक झाडाभोवती हात फिरवून आले. मी कामात नेटकी आहे. सगळे म्हणतात तसं. कुठेही बोटभरसुद्धा राहिलेलं नाही.

उतरताना फुसाएच्या खिडकीतून यासुजीचं घोरणं ऐकू येत होतं. बाहेर दोरीवर त्याच्या चादरी. किती दिवसांनी वाळत घातल्या होत्या, पांढऱ्या.

२ सप्टेंबर, शुक्रवार

अध्यक्ष, वनसंघ, यांस. (हे उद्याच्या पहिल्या बसने जाईल. प्रत इथे.)

दि. २४ ते २९ ऑगस्ट १९९४, रोज पहाटे पाच ते सात, कामितानी वाडीच्या झऱ्यावरील उताराच्या पायथ्याची त्रेचाळीस देवदार झाडे मी, ओकाबायाशी किनुए, वय ७०, हिने कोणालाही न विचारता पूर्ण गोल सोलली. कोणी सांगितले नव्हते. कोणी मदत केलेली नाही. ही झाडे श्रीमती फुसाए यांच्या घराच्या वर आहेत. त्यामुळे घराला धोका आहे, हे त्यांना अद्याप माहीत नाही. हे पत्र टाकून मी त्यांच्याकडेच जाणार आहे.

मला पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात. ती मुळे किती वर्षे धरतील. त्यांच्यामध्ये आत्ताच कोणती रोपे लावली तर वेळेत धरतील. आणि ते घर रिकामे करावे लागेल का, लागल्यास कोणत्या वर्षापर्यंत – कारण त्यात एक माणूस पडून आहे आणि त्याला हलवायचे नाही.

दिलगिरी नको. कार्यपद्धतीही नको. नोंदणी केलेला शिक्का व दाखला जोडला आहे. उत्तर शुक्रवार, ९ सप्टेंबर, सायंकाळी पाच वाजण्यापूर्वी माझ्या हातात पडले पाहिजे.